चाळीस मिनिटं

बिनतिकीट माणूस फार बोलतो. सत्तावीस वर्षं मी मेझ्द्रा ते सोफिया आणि सोफिया ते मेझ्द्रा अशा गाड्यांमध्ये तिकिटं तपासली आणि त्यातून शिकले ते एवढंच. ज्याच्याजवळ तिकीट असतं तो हात पुढे करतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. नसतं तो माझ्या तब्येतीची चौकशी करतो. त्याची आत्या कालच वारलेली असते, पाकीट दुसऱ्या कोटात राहिलेलं असतं, हवा किती छान आहे हेही तोच सांगतो. मी त्याला बोलू द्यायची, आणि बोलून दमला की दंडाची पावती फाडायची.

त्यामुळे माझा मुलगा ओग्न्यान गेल्या ऑक्टोबरपासून दर रविवारी फोनवर मला लांबलचक पत्र लिहायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

ओग्न्यान म्हणजे अडतीस वर्षांचा घोडा. सोफियात ल्युलिनच्या उंच इमारतींमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो. बायको दोन वर्षांपूर्वी सामान उचलून निघून गेली, मूलबाळ नाही. या मुलाने जन्मात मला कधी सलग चार ओळी लिहिल्या नव्हत्या. सैन्यात होता तेव्हा नऊ महिन्यांत एक पोस्टकार्ड आलं, त्यावर ‘मोजे पाठव’ एवढंच. आणि आता हे असं:

‘आई, हा आठवडा छान गेला. तीन लिफ्ट दुरुस्त केल्या, एक नवी बसवली. चौथ्या मजल्यावरच्या एक आजीबाई कुत्र्यासकट अडकल्या होत्या, त्यांना वीस मिनिटांत बाहेर काढलं. कुत्रा चावला. बुधवारी घेवड्याचं सूप केलं, उतरवताना सुका पुदिना चुरून घातला. शुक्रवारी तुझी ल्युतेनित्सा उघडली, पावावर थापून खाल्ली, वर पांढरं चीज. बरणी दोन दिवसांत फस्त! संध्याकाळी खिडकीशी बसलो होतो, समोर वितोशा डोंगरावर बर्फ दिसत होता. वाटलं, आणखी काय हवं? मी समाधानी आहे. तू काय केलंस? काय शिजवलंस? सविस्तर लिही.’

फस्त म्हणे. ल्युतेनित्सा, म्हणजे लाल मिरच्या आणि टोमॅटो आटवून केलेली घट्ट चटणी, आमच्याकडे सप्टेंबरात ज्या घरी शिजत नाही त्या घरी कुणीतरी आजारी आहे असं शेजारी धरून चालतात. ओग्न्यान ती खात वाढला, पण ‘बरी आहे’ यापलीकडे त्याची कधी मजल गेली नाही. आता दर रविवारी स्तुती. आणि वर समाधान! घटस्फोट झालेला, एकटा राहणारा, कुत्रा चावलेला माणूस समाधानी कसा?

मी उत्तर लिहायची, ‘मीही मजेत. कोंबडी केली. थंडी आहे.’ कोंबडी काही केलेली नसायची. मिंचो गेल्यापासून मी ओट्याशी उभ्याउभ्याच पाव आणि दही खाते. एकटीसाठी भांडी कोण घासणार? पण ते त्याला कशाला कळवायचं.

मिंचो माझा नवरा. जूनमध्ये गेला. फाटकावर त्याच्या निधनाचा फोटोसकट कागद अजून चिकटवलेला आहे, पावसाने एक कोपरा उचलला आहे. आजार पोटाचा होता आणि कळला तेव्हा उशीर झाला होता, कारण स्वारी शेवटपर्यंत म्हणत राहिली, “छान चाललंय, राइना. मला काही नको.” मी बिनतिकीट माणसं दाराआडून हुडकून काढणारी बाई, आणि माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून हा माणूस चार महिने दुखणं लपवत होता. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

म्हणून ‘आणखी काय हवं’ हे शब्द वाचले की मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

दुसरा पुरावा बरण्यांचा. दर गुरुवारी मी पाच भरलेल्या बरण्या पिशवीत घालून बस स्टँडवर जाते आणि स्टांचो ड्रायव्हरच्या हवाली करते. सोफियाला जाणारी अर्धी बस अशा पिशव्यांनीच भरलेली असते. सकाळी बस तिकडून निघताना ओग्न्यान त्याच्याजवळ रिकाम्या बरण्या देतो आणि संध्याकाळी भरलेली पिशवी उतरवून घेतो. रिकाम्या बरण्या झाकणासकट परत करायच्या असा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्या पोरांची नावं गावात सगळ्यांना ठाऊक असतात. ओग्न्यानचं नाव त्या यादीत वर होतं. त्याच्या बरण्या दोन-दोन महिने यायच्या नाहीत, आल्या तर तळाला मिरचीच्या बिया चिकटलेल्या. ऑक्टोबरपासून मात्र दर आठवड्याला बरोबर पाच. घासून घासून इतक्या लख्ख की आरपार पेपर वाचावा. एकटा माणूस आठवड्याला पाच बरण्या खातो? आणि सोड्याने घासतो?

“बाई आहे,” वेल्का म्हणाली. वेल्का माझ्या कुंपणापलीकडची शेजारीण. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं ती चहाबरोबर बिस्किटासारखं खाते.

“बाई असती तर बरण्या अशाच आल्या असत्या, हे कबूल,” मी म्हटलं. “पण बाई असती तर माझ्या ल्युतेनित्साची स्तुती आली नसती.”

“मग नोकरी गेली असेल. नोकरी गेली की पुरुष स्वयंपाकघरात घुसतात.”

“लिफ्ट रोज बिघडतात गं. नोकरी कुठे जातेय.”

“मग तब्येत.” वेल्काने आवाज खाली आणला. “माझा दीर बघ. आयुष्यभर सगळ्यांशी भांडला आणि शेवटच्या वर्षात एकदम शांत. म्हणायचा, किती छान सूर्य आहे. दिवस भरले की माणसं अशीच समाधानी होतात, राइना.”

“तुझं तोंड आवर,” मी म्हटलं आणि घरात आले. पण ते वाक्य माझ्या मनात रुतलं ते रुतलंच.

तिसरा पुरावा स्टांचोचा. आधी तो पिशवी घ्यायचा आणि ‘चला मावशी’ म्हणून हॉर्न वाजवायचा. नाताळनंतर त्याला एकदम माझ्याशी गप्पा मारायची हुक्की यायला लागली.

“मावशी, आज वार कोणता हो?”

“गुरुवार. तुझी बस गुरुवारी असते, म्हणून तू इथे उभा आहेस.”

“आणि महिना?”

“स्टांचो, प्यायला आहेस का?”

“नाही हो, सहज. बरं, आपला पंतप्रधान कोण सध्या?”

“ते सोफियातल्या लोकांनाही नक्की ठाऊक नसतं. पिशवी धर.”

तो हसला, पण बघत होता तो माझ्या डोळ्यांत, ज्या नजरेने मी प्रवाशांकडे बघायची तसं. हा ओग्न्यानला सामील आहे, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. कशात सामील, ते कळत नव्हतं.

आता बरण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा तोरा सगळा त्यांच्यावर होता.

आमच्या घरी बरण्या भरणं माझं आणि पिंप मिंचोचं. मी मिरच्या भाजायची, सोलायची, ल्युतेनित्सा घोटायची, बरण्या भरून झाकणं घट्ट लावायची. मिंचो परसात लोखंडी पिंप मांडायचा, मधे मधे चिंध्या घालून बरण्या रचायचा, पाणी ओतायचा आणि खाली जाळ करायचा. चाळीस मिनिटं उकळायच्या. मग त्या वर्षभर टिकतात. तीस वर्षं तो म्हणायचा, “चाळीस मिनिटं झाली की हाक मारतो,” आणि तीस वर्षं हा माणूस दोन तासांनी उगवायचा, धुराचा आणि किंचित आलुबुखाराच्या दारूचा वास घेऊन.

“चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास?” मी ओरडायची. “करत काय होतास तिकडे?”

“पिंप आहे, राइना. आगगाडी नव्हे.”

दोनदा मी चवड्यांवर चालत शेडमागून जाऊन बघितलं. दोन्ही वेळा तो स्टुलावर बसून पाण्याकडे बघत होता. पण सापडला नाही म्हणजे निर्दोष सुटला असं मी कधी मानलं नाही. मी डब्यात शिरले की संडासात जाऊन बसणारे प्रवासीही मी पाहिलेत.

गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा सगळं एकटीने केलं. पिंप मांडलं, बरण्या रचल्या, काडी लावली, घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली, जाळ विझवला. दीडशे बरण्या तीन खेपांत उरकल्या आणि मी दुपारीच पाय पसरून बसले. मिंचोच्या दोन तासांची लबाडी अशी उघडी पडली, तेव्हा त्याच्यावर इतका राग आला की मी एकटीच त्या पिंपासमोर त्याला शिव्या देत रडले. मग ओग्न्यानला फोन केला. म्हटलं, “बघ, दीडशे केल्या. तुझ्या बाबांशिवाय. माझं काही अडत नाही.” तो म्हणाला, “शाब्बास, आई.” तळघरात बरण्या रांगेत लागल्या. मी स्वतः त्यातली एकही उघडली नाही. सगळ्या त्याच्यासाठी.

आणि मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोरगा रंगेहाथ सापडला.

त्या गुरुवारी सकाळी मी त्याला फोनवर सांगितलं होतं, की तीन ल्युतेनित्सा आणि दोन भाजक्या मिरच्या पाठवतेय. शनिवारी तळघरात उतरते तर काय, मिरच्यांच्या दोन्ही बरण्या पायरीवरच. पिशवीत घालायच्या राहिल्याच होत्या. आणि रविवारी पत्र: ‘आई, भाजक्या मिरच्या लसूण आणि व्हिनेगर घालून खाल्ल्या. काय चव! दोन्ही बरण्या संपल्या.’

पुढच्या गुरुवारी स्टांचोने पिशवी दिली. मी तीन पाठवल्या होत्या. परत आल्या पाच.

मी बस स्टँडवरच बाकावर बसले.

“मावशी, बरं वाटत नाही का?” स्टांचो धावत आला. “हे कोणतं गाव आहे, सांगता का?”

“हो रे मेल्या, मेझ्द्रा! आणि तू कोण आहेस तेही ठाऊक आहे मला!”

शनिवारी सकाळच्या गाडीने मी निघाले. कळवलं नाही. तपासनीस कधी कळवून येत नाही. कारण म्हणून जवळ मार्तेनित्सा ठेवली, मार्चच्या पहिल्या दिवशी मनगटाला बांधतात तो लाल-पांढरा दोरा. आईने मुलाला दोरा बांधायला यावं, त्यात वावगं काय? वाटेत डोक्यात एकच चक्र फिरत होतं. बाई निघाली तर बरं. नोकरी गेली असली तरी चालेल. फक्त औषधं दिसू नयेत. देवा, तिसरं नको, फक्त तिसरं नको.

ल्युलिनमधल्या त्याच्या इमारतीची लिफ्ट लोण्यासारखी चालत होती. नोकरी आहे, मी मनात नोंद केली. सहाव्या मजल्यावर दाराला कान लावला. सुरीचा आवाज, रेडिओ, आणि भाजलेल्या मिरच्यांचा वास. मार्च महिन्यात! मी बेल दाबली.

ओग्न्यानने दार उघडलं. अंगावर एप्रन, हात कोपरापर्यंत मिरचीच्या काळ्या सालांनी माखलेले.

“आई? काय झालं?”

“काही होऊन यावं लागतं का? मार्तेनित्सा बांधायला आले. हात दे. आधी धू.”

तो हात धुवायला वळला तशी मी न्हाणीघरात शिरले. एक टूथब्रश. एक टॉवेल. आरशामागचं कपाट उघडलं: दाढीचा साबण, चिकटपट्टी, कुत्र्याच्या चाव्यावरचं मलम. तेवढंच. गोळ्या नाहीत. खोलीत पलंगाखाली बघितलं, उशीखाली बघितलं, कोटाचे खिसे चाचपले.

“काय शोधतेस?” तो दारात उभा राहून बघत होता.

“रुमाल.”

“माझ्या उशीखाली?”

मी त्याला नीट न्याहाळलं. मिंचो शेवटी असा पिवळट झाला होता, गळ्याची कातडी लोंबायला लागली होती. हा तर चांगला गरगरीत. गालावर रंग. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझा स्वभाव. तिन्ही गोष्टी नाहीत, मग लपवतोय काय?

“तुझ्या त्या मिरच्या मी पाठवल्याच नव्हत्या,” मी म्हटलं. “तळघराच्या पायरीवर राहिल्या. तू खाल्ल्यास कशा?”

ओग्न्यानचा चेहरा पडला. लहानपणी काच फोडल्यावर पडायचा अगदी तसा.

“आणि तीन बरण्यांच्या पाच कशा झाल्या? पोटी बाळं झाली त्यांना?”

“आई, आधी बस. कॉफी करतो.”

“बसायला नाही आले.” माझी नजर बाल्कनीच्या दाराकडे गेली. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. “तिथे काय आहे?”

“तिथे नको. थंडी आहे.”

“मी डोंगरातल्या गाडीत जानेवारीत उघड्या दाराशी उभी राहिलेली बाई आहे,” मी म्हटलं आणि त्याला कोपराने बाजूला सारून दार ढकललं.

बाल्कनीत माझ्या बरण्या होत्या. वीस-बावीस तरी असतील, भिंतीशी रांगेने, आणि प्रत्येकीचं झाकण वर फुगलेलं. माझ्या हातच्या चिठ्ठ्या, माझं अक्षर, ‘ल्युतेनित्सा’, ‘मिरच्या’, आणि वर त्या टेकड्या. काहींच्या कडेने लाल फेस येऊन वाळला होता. मी एका झाकणावर बोटाने टिचकी मारली. चांगली बरणी टणटणते. ही बद्द वाजली. झाकण फिरवलं तर सापासारखी फुसकारली, आणि जो वास आला त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू उन्हात ठेवल्यास!” मी ओरडले. “हीटरजवळ ठेवल्यास! माझ्या तळघरात एक झाकण फुगलेलं नाही!”

“तुझं तळघर म्हणजे बर्फ आहे, आई. इथे घरात आठ दिवसांत फुगतात. बाबांच्या वेळच्या कधी फुगायच्या का? त्याही याच घरात असायच्या.”

मी झाकण परत घट्ट फिरवलं.

“पहिली ऑक्टोबरात खाल्ली,” तो म्हणाला. “दोन दिवस कामाला गेलो नाही. मग टाकून देत गेलो. लगेच नाही टाकवत, बाबांनंतरच्या तुझ्या पहिल्या आहेत, म्हणून इथे ठेवतो. मग शनिवारी त्यातल्या सगळ्यात जुन्या पाच रिकाम्या करतो, घासतो, गुरुवारी देतो. त्या आठवड्यात तीनच आल्या, पण तू फोनवर पाच म्हणाली होतीस, म्हणून पाचच दिल्या. मिरच्या बाजारातून आणतो आणि तुझ्यासारखं काही करून बघतो. पत्रातलं बाकी सगळं खरं आहे. करतो मी, खातो मी. फक्त बरणी तुझी नसते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तो बादली उलटी करून तिच्यावर बसला. हातातला फडका पिळत राहिला.

“मला वाटलं, तू विसरायला लागलीस. उकळायचंच विसरलीस की काय. तीस वर्षं घरात होणारी गोष्ट माणूस कसा चुकेल? म्हणून दर रविवारी विचारत होतो, काय केलंस, काय शिजवलंस. बघावं म्हटलं, काय लिहितेस.” त्याने वर बघितलं. “आई, पाच महिने तू दर आठवड्याला कोंबडी लिहितेस. आपल्याकडे किती कोंबड्या आहेत?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

“तेच तर! मी घाबरून गेलो. स्टांचोलाही सांगितलं, जरा बघत जा म्हणून.”

“वार विचारायला?”

“दवाखान्यात तेच विचारतात म्हणे आधी. एप्रिलमध्ये तुला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं. कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.”

म्हणजे मी इकडे त्याच्या औषधांच्या बाटल्या शोधत होते आणि तो तिकडे माझं डोकं तपासत होता. मला राग यायला हवा होता. पण तो फडका तसाच पिळत होता, आणि मला एकदम दिसलं की या पोराने सगळा हिवाळा एकट्याने ही भीती वागवली आहे. बापासारखाच. गप्प बसून, छान चाललंय म्हणत.

“मी काहीही विसरले नाही,” मी म्हटलं. “पिंप मांडलं, चिंध्या घातल्या, पाणी भरलं. चाळीस मिनिटं घड्याळ लावून. तुझ्या बाबांसारखंच.”

“चाळीस मिनिटं कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे? काडी लावल्यापासून!”

ओग्न्यान माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंडावर फडका दाबला. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. बादलीवरून घसरला, भिंतीला टेकला, हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“काडी लावल्यापासून!” तो म्हणाला. “आई गं! विसरली नाहीस तू. तुला कधी माहीतच नव्हतं!”

“काय माहीत नव्हतं? नीट बोल, नाहीतर एक ठेवून देईन.”

“पाणी उकळायला लागल्यावर मोजायचं. बाबा आधी नुसते बसून राहायचे. मी लहान असताना त्यांच्याशेजारी बसायचो ना. खळखळ उकळी आली की मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘आता मोज.’”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी काय, वाट बघायची. एवढं मोठं पिंप, आई. तास-सव्वा तास लागतो उकळायला.”

मी बाल्कनीच्या कठड्याला धरलं. खाली अंगणात कुणीतरी गालिचा झोडत होतं.

तास-सव्वा तास अधिक चाळीस मिनिटं. म्हणजे दोन तास.

तीस सप्टेंबर महिने मी त्या माणसाला विचारत होते, करत काय होतास. तो सांगत होता, पिंप आहे. मी त्याला लबाड म्हटलं, आळशी म्हटलं, मेल्यावरसुद्धा परसात उभी राहून शिव्या दिल्या. आणि तो नुसता पाणी उकळायची वाट बघत होता, आमच्या बरण्या टिकाव्यात म्हणून. मी शेडमागून लपून बघितलं तेव्हा दोन्ही वेळा तो पाण्याकडेच बघत होता. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघितलं नाही.

“आणि दारू?” मी विचारलं. 

“एक पेला,” ओग्न्यान म्हणाला. “उकळी आली की. मला म्हणायचे, आईला सांगू नको.”

“मला माहीत होतं,” मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना. पोराने मला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. त्याने भाजलेल्या मिरच्या सोलून ताटात मांडल्या होत्या, लसूण, व्हिनेगर, वर अजमोदाची पानं. शेजारी घेवड्याचं सूप. मीठ जरा कमी होतं, मी सांगितलं. “घे वरून,” तो म्हणाला. जूननंतर पहिल्यांदा मी बसून जेवले, दोनदा वाढून घेतलं. जेवताना त्याला खरं काय ते सांगितलं, ओट्याशी उभ्याउभ्याच पाव आणि दही खाते ते. त्याने मोठा डबा काढला. डब्यात माझ्यासाठी सूप भरलं.

“सप्टेंबरात रजा घे,” दाराशी मी म्हटलं. “तुझ्याकडचं बाबांचं घड्याळ घेऊन ये.”

दुपारच्या गाडीत फारशी गर्दी नव्हती. पिशवीत बावीस रिकाम्या बरण्या. त्या आम्ही दोघांनी नाक दाबून घासल्या होत्या. मांडीवर सुपाचा डबा. तिकीट तपासायला एक तरुण मुलगी आली, नवीन असावी, टोपी कानांवर उतरत होती. मी तिकीट काढून हातात धरूनच बसले होते.

“तिकीट, आजी.”

मी हात पुढे केला, आणि माझं मलाच कळेना काय झालं. म्हटलं, मुलाकडे गेले होते, लिफ्ट दुरुस्त करतो. स्वयंपाक काय करतो म्हणून सांगू, फक्त मीठ कमी. मनगटाला दोरा बांधला त्याच्या. तब्येत छान आहे त्याची, गालावर रंग आहे, गोळ्याबिळ्या काही नाहीत. आणि माझा नवरा, म्हटलं, दर सप्टेंबरात दोन तास पिंपाजवळ बसायचा, कारण पाणी उकळायलाच तास जातो, ते तुला माहीत होतं का? मला नव्हतं. हवा काय छान आहे, नाही?

मुलीने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. तिने तिकीट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, उजेडाकडे धरलं, तारीख वाचली. मग परत माझ्या हातात दिलं. तिकीट खरं होतं.